नाव नसलेले न जेवणे

पारनेर तालुक्याचे नाव महाराष्ट्राबाहेर ज्यांनी ऐकले असेल, त्यांनी ते बहुधा एखाद्या उपोषणाच्या निमित्ताने ऐकले असेल. राळेगणसिद्धी याच तालुक्यातले. २०११ च्या एप्रिलमध्ये आणि पुन्हा ऑगस्टमध्ये अण्णा हजारे दिल्लीत उपोषणाला बसले. २०१८ च्या मार्चमध्ये रामलीला मैदानावर आणि २०१९ च्या जानेवारीअखेरीस खुद्द राळेगणसिद्धीत. २०११ च्या ऑगस्टमध्ये उपोषण करणाऱ्या त्या एका देहाकडे सारा देश पाहत होता. वजन किती उतरले, रक्तदाब किती, डॉक्टर काय म्हणतात, याची वार्ता रोज प्रसिद्ध होत होती. न जेवणाऱ्या माणसाची काळजी समाज किती बारकाईने करू शकतो, याचा तो नमुनाच होता.

आता त्याच तालुक्यातल्या एखाद्या घरातली सतरा-अठरा वर्षांची मुलगी डोळ्यांसमोर आणू. ती सहा महिन्यांपासून नीट जेवत नाही. आधी रात्रीचे जेवण सुटले, मग भाकरी अर्ध्यावर आली, मग पाव. पाळी थांबली आहे. केस गळतात, हात गार पडतात, आणि तरीही ती घरातले काम नेहमीपेक्षा अधिकच झपाट्याने करते. तिच्यासाठी कोणी वार्तापत्र काढत नाही. घरात म्हणतात, 'तिचे अन्नावरून मन उडाले आहे'. शेजारी म्हणतात, 'दृष्ट लागली'. दवाखान्यात रक्त कमी आहे असे सांगून लोहाच्या गोळ्या मिळतात. पहिल्या न जेवण्याला आपल्या भाषेत प्रतिष्ठेची डझनभर नावे आहेत. दुसऱ्याला एकही नाही. आमच्या या लेखाचा विषय तो दुसरा प्रकार आहे. आणि साहित्याच्या विद्यार्थ्यांचा व शिक्षकांचा त्याच्याशी थेट संबंध आहे, असे आमचे म्हणणे आहे.

हल्ली मानसशास्त्र आणि समाजकार्य या विषयांतील विद्यार्थी शोधनिबंधासाठी आहारविकारांकडे वळू लागले आहेत. आहारविकार म्हणजे ज्यांत खाण्याशी असलेले नातेच आजारी होते अशा मनोविकारांचा गट: ॲनोरेक्सिया नर्व्होसा, बुलिमिया नर्व्होसा, अनावर खाण्याचा विकार, आणि २०१३ च्या अमेरिकी वर्गीकरणात याच गटात आणलेली माती-खडू खाण्याची सवयसुद्धा. अशी एखादी विद्यार्थिनी नगर जिल्ह्यात, म्हणजे २०२४ पासूनच्या अहिल्यानगर जिल्ह्यात, हे उपचार अधिक चांगले कसे होतील आणि गरजूंपर्यंत कसे पोहोचतील याचा अभ्यास करू लागली, तर तिच्या वाटेतली पहिली अडचण कोणती? डॉक्टरांची कमतरता, पैसा, अंतर ही उत्तरे खरी आहेत. पण त्यांच्याही आधी एक अडचण उभी आहे. ती भाषेची आहे.

प्रथम एका आक्षेपाचा विचार करणे भाग आहे, कारण तो सद्भावनेने घेतला जातो. पारनेर हा पर्जन्यछायेतला, अवर्षणाशी झगडत आलेला तालुका. १९७२ चा दुष्काळ इथल्या जुन्या माणसांच्या स्मरणातून गेलेला नाही. जिथे पिढ्यान्‌पिढ्या भाकरीसाठी रक्त आटवले गेले, तिथे मुद्दाम न खाण्याच्या आजाराची चर्चा करणे हे शहरी चोचले नव्हेत काय? आहारविकार हा श्रीमंतांच्या, गोऱ्यांच्या, बारीक कंबरेच्या वेडाने पछाडलेल्या समाजाचा रोग आहे, ही समजूत केवळ आपल्याकडेच आहे असे नाही. पाश्चात्त्य मानसोपचारही दीर्घकाळ तीच बाळगून होता. परंतु ती पुराव्यावर टिकत नाही. अमेरिकेत टेक्सासमधील सॅन अँटोनिओ येथे गरजूंना धान्य पुरवणाऱ्या केंद्रांवर कॅरोलिन बेकर व त्यांच्या सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २०१७ साली प्रसिद्ध झाला. घरातली अन्नाची असुरक्षितता जितकी तीव्र, तितकी आहारविकाराची लक्षणे अधिक, असे त्यात आढळले. उपासमार ही आहारविकाराची विरुद्ध बाजू नाही. कित्येकदा ती त्याची जमीन असते.

हे समजून घ्यायला दुसऱ्या महायुद्धाच्या अखेरीस अमेरिकेत झालेला मिनेसोटा प्रयोग उपयोगी पडतो. १९४४-४५ मध्ये ॲन्सेल कीज यांच्या देखरेखीखाली ३६ निरोगी तरुणांनी स्वेच्छेने अर्धपोटी राहणे पत्करले. काही महिन्यांतच ते अन्नाशिवाय कशाचाच विचार करेनासे झाले. पाककृती जमवू लागले, ताटातला घास तासन्‌तास पुरवू लागले, चिडचिडे आणि एकलकोंडे झाले. पुन्हा पोटभर अन्न मिळाल्यावरही काहींचे खाणे दीर्घकाळ ताळ्यावर आले नाही. त्यांची मने आधी बिघडली नव्हती. भुकेने ती बिघडवली. म्हणून 'इथे खरी भूक आहे, तेव्हा तो आजार इथे नसणार' हे अनुमान उलटे आहे.

या आजाराचा इतिहास हा बराचसा नावांचाच इतिहास आहे. १६८९ साली लंडनचे वैद्य रिचर्ड मॉर्टन यांनी क्षयावरील ग्रंथात दोन रुग्णांची हकिगत दिली. एक अठरा वर्षांची मुलगी, दुसरा सोळा वर्षांचा मुलगा. दोघेही कोणत्याही शारीरिक रोगाशिवाय वाळत गेलेले. म्हणजे या आजाराच्या पहिल्या नोंदींपैकी एक मुलाची आहे, ही गोष्ट हा 'बायकी' आजार मानणाऱ्यांनी ध्यानात घ्यावी. पोलीस आणि सैन्यभरतीच्या तयारीसाठी पहाटे रस्त्यावर धावणारी, छाती आणि वजनाच्या आकड्यांवर ज्यांचे भवितव्य टांगलेले आहे अशी मुले आपल्या तालुक्यांतूनही आहेतच. १८७३ साली पॅरिसच्या लासेग यांनी आणि त्याच सुमारास लंडनच्या विल्यम गल यांनी या अवस्थेला स्वतंत्र रोगाचा दर्जा दिला. ॲनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव गल यांच्या १८७४ च्या निबंधातले. बुलिमिया नर्व्होसाला हे नाव मिळाले ते तर १९७९ साली, जेराल्ड रसेल यांच्याकडून. नाव मिळण्यापूर्वी रुग्ण नव्हते असे नाही. नाव नव्हते म्हणून ते मोजले जात नव्हते, आणि मोजले जात नव्हते म्हणून त्यांच्यासाठी खाट नव्हती.

पण नाव परक्या भाषेतून जसेच्या तसे आले की दुसरी फसगत होते. ॲनोरेक्सियाच्या व्याख्येत लठ्ठ होण्याची भीती हा गाभा मानला गेला. १९९३ साली हाँगकाँगमध्ये सिंग ली व त्यांच्या सहकाऱ्यांनी अशा ७० चिनी रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला; त्यांतल्या निम्म्याहून अधिक रुग्णांना लठ्ठपणाची भीती मुळी नव्हतीच. पोट फुगते, भूक लागत नाही, घास जात नाही, असे ते सांगत. १९९५ साली दिल्लीतील खंडेलवाल, शरण आणि सक्सेना यांनी पाच तरुण भारतीय रुग्ण स्त्रियांविषयी लिहिले, तेव्हाही चित्र असेच होते: खाण्याला नकार होता, वजन उतरत होते, पण आपण जाड आहोत असा ठरीव भ्रम दिसत नव्हता. ज्या डॉक्टरने पुस्तकातला प्रश्न विचारला, 'तुला जाड होण्याची भीती वाटते का?', त्याला 'नाही' हे उत्तर मिळाले आणि रुग्ण घरी गेली. हे उत्तर खरे होते. चुकला होता तो प्रश्न.

चित्र गोठलेले नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे. फिजी बेटांच्या नाद्रोगा प्रांतात १९९५ साली दूरदर्शन पोहोचले. ॲन बेकर यांनी त्या वर्षी आणि पुन्हा १९९८ साली तिथल्या शाळकरी मुलींची पाहणी केली. तीन वर्षांत आहारविकाराकडे झुकणाऱ्या उत्तरांचे प्रमाण १२.७ टक्क्यांवरून २९.२ टक्क्यांवर गेले. आपल्या गावांत आता दूरदर्शन ही जुनी गोष्ट झाली. प्रत्येक मुलीच्या हातात पडदा आहे. तेव्हा आपल्याकडे जुना आणि नवा, दोन्ही प्रकारचा आजार शेजारीशेजारी असणार. बंगळूरच्या मानसोपचारतज्ज्ञांच्या २०१२ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत सुमारे दोन-तृतीयांश जणांनी असा किमान एक रुग्ण पाहिल्याचे सांगितले होते. आजार आहे. प्रश्न आहे तो पारनेरमधली मुलगी अशा कोणासमोर कधी पोहोचते, हा.

आता भाषेकडे येऊ. मराठीत न जेवण्याचा शब्दसंग्रह विलक्षण संपन्न आहे. उपास, उपोषण, निर्जळी, निरंकार, एकभुक्त, लंघन, अन्नत्याग, प्रायोपवेशन. यांतला प्रत्येक शब्द न जेवणाऱ्याला काहीतरी देतो: पुण्य, नैतिक अधिकार, आरोग्य, निदान सन्मानाचा शेवट. महाराष्ट्राच्या सार्वजनिक जीवनातही हे शब्द वजनदार ठरले आहेत. १९३२ च्या सप्टेंबरमध्ये येरवड्याच्या तुरुंगातले गांधीजींचे उपोषण, १९४७ च्या मे महिन्यात पंढरपूरचे विठ्ठलमंदिर सर्वांना खुले व्हावे म्हणून साने गुरुजींनी केलेले उपोषण, १९६६ साली सावरकरांनी आणि १९८२ साली विनोबांनी पत्करलेला अन्नत्याग, हे सारे आपल्या इतिहासाचे भाग आहेत. उलट बाजूला खाण्याचे शब्द पाहा: हावरट, खादाड, अधाशी, खा-खा, वखवख. अनावर खाण्याच्या आजाराने गांजलेल्या माणसाला आपली भाषा आजाराचा शब्द सहसा देत नाही. देते ती बहुधा शिवीच. आणि माती खाण्याचा तर आपण वाक्प्रचारच केला आहे. तो उच्चारताना ऐकणाऱ्यांपैकी कोणी खरोखरच लपून माती खाते आहे का, हा विचार आपल्याला शिवत नाही.

मधली जागा, म्हणजे 'न जेवणे' हा आजार असू शकतो असे सांगणारी जागा, पूर्वी अगदीच रिकामी नव्हती. आयुर्वेदात अरोचकाची कारणे सांगताना शोक, भय, क्रोध यांचाही समावेश केला आहे. टीकाकारांनी अरोचक, भक्तद्वेष आणि अभक्तच्छंद असे भेदही सांगितले आहेत. 'भक्त' म्हणजे इथे अन्न. अन्नाचा विचारही नकोसा होणे हा भक्तद्वेष. शब्द सुंदर आहे. पण तो आज पारनेरच्या बाजारात कोणाला कळणार? आणि त्याच कारणाने शासकीय परिभाषेच्या धर्तीवर 'क्षुधानाश' असा शब्द घडवूनही भागणार नाही. एक तर तो अर्थानेच चुकतो, कारण ॲनोरेक्सियात भूक नष्ट झालेली नसते. पुष्कळदा ती भयंकर असते आणि तिच्याशी झुंज चाललेली असते. दुसरे म्हणजे, जो शब्द आईच्या तोंडी येणार नाही, तो शब्द घेऊन आई मुलीला दवाखान्यात आणणार नाही.

संशोधक विद्यार्थिनीच्या हाती असलेल्या साधनांचेही असेच आहे. आहारविकाराची प्राथमिक चाचपणी करण्यासाठी जगभर वापरली जाणारी एक छोटी प्रश्नावली आहे, 'स्कॉफ' नावाची. ती जॉन मॉर्गन व सहकाऱ्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केली. प्रश्न पाच, आणि नाव त्यांतल्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनलेले. तिसऱ्या प्रश्नात वजन 'स्टोन'मध्ये विचारले आहे. स्टोन म्हणजे इंग्रजांच्या घरगुती वापरातले, सुमारे ६.३५ किलोचे माप. थोडक्यात, ही प्रश्नावली एका विशिष्ट गावाच्या, एका विशिष्ट बोलीच्या कुशीत जन्मली आहे, आणि त्यात काही वावगे नाही. वावगे आहे ते आपण तिला सार्वत्रिक मानून शब्दकोशाच्या आधारे मराठीत आणतो ते.

पाचवा प्रश्न घ्या: अन्नाने तुमच्या आयुष्याचा ताबा घेतला आहे असे तुम्ही म्हणाल का? पारनेरच्या पठारावर ज्वारी-बाजरीच्या भरवशावर जगणारा कोणताही माणूस म्हणेल, 'घेतला आहे तर! पोटासाठीच तर सगळे चालले आहे.' तो आजारी नाही. तो खरे बोलतो आहे. तिसरा प्रश्न घ्या: तीन महिन्यांत इतके वजन उतरले का? वजनकाटा कोणाच्या घरी आहे? गावातल्या बाईचे वजन बहुधा गरोदरपणातच होते, तेही अंगणवाडीत किंवा उपकेंद्रात. तिला विचारायचे असेल तर विचारावे, बांगड्या सैल झाल्या का, पोलक्याला आतून टीप घालावी लागली का, जोडवी गळून पडतात का. हेच तिचे माप आहे, आणि ते फारसे चुकत नाही. दुसरा प्रश्न खाण्यावरचा ताबा सुटण्याविषयीचा. त्याचे सरळ भाषांतर बाईच्या कानी 'तू हावरट आहेस का?' असे पडते. तिचे उत्तर आधीच ठरलेले आहे. आणि चौथा, इतर जण बारीक म्हणत असताना स्वतःला जाड समजण्याविषयीचा, मराठीत आला की अडखळतो, कारण 'जाड' हा एकच शब्द आपण वापरत नाही. 'अंगाने भरली' ही स्तुती आहे, 'सुटली' ही निंदा आहे, 'खात्यापित्या घरची' ही सोयरिकीतली शिफारस आहे. यांतला कोणता शब्द प्रश्नात घातला यावर उत्तर अवलंबून राहील.

हा धोका काल्पनिक नाही. मायकल किंग आणि दिनेश भुग्रा यांनी १९८९ साली उत्तर भारतातल्या शाळकरी मुलींचा अभ्यास प्रसिद्ध केला. परदेशी प्रश्नावलीवर पुष्कळ मुलींचे गुण संशयास्पद आले. पण बारकाईने पाहता काही प्रश्नांची उत्तरे आजारामुळे नव्हे, तर उपासतापासासारख्या चालीरीतींमुळे तशी आलेली दिसली. म्हणजे भाषांतर चुकले की दोन्हीकडून नुकसान होते: उपास करणारी निरोगी मुलगी रुग्ण ठरते, आणि उपासाच्या आड लपलेली रुग्ण निरोगी ठरते. दुसरी चूक अधिक घातक आहे. सोमवार, गुरुवार, चतुर्थी, एकादशी असे वार वाढवत नेणाऱ्या मुलीचे घरात कौतुकच होते. 'एकादशी दुप्पट खाशी' ही म्हण तिला लागू नाही, आणि ते लागू नसणे हेच पहिले लक्षण आहे, हे ओळखायला म्हण ठाऊक असलेला माणूस लागतो.

संशोधनाच्या शिरस्त्यात यावर एक उपाय सांगितला जातो: उलट-भाषांतर. मूळ इंग्रजी मजकूर मराठीत करायचा, दुसऱ्याने तो पुन्हा इंग्रजीत करायचा, आणि दोन्ही जुळले की मराठी योग्य मानायचे. साहित्याच्या वाचकाला यातली उणीव सांगायला नको. शब्दशः, निर्जीव भाषांतर उलटवल्यावर उत्तम जुळते. जिवंत भाषांतर जुळत नाही. 'पोलक्याला टीप घालावी लागली का' याचे उलट-भाषांतर करून 'स्टोन' परत मिळणार नाही. म्हणजे ही कसोटी नेमक्या वाईट भाषांतराला उत्तीर्ण करण्याचा धोका बाळगते. तिच्या जोडीला प्रश्न ऐकणाऱ्याला काय कळले हे त्याच्याच शब्दांत विचारून पाहण्याची पद्धतही आहे. वेळेअभावी ती उरकली जाते, असे होऊ नये.

उलट दिशेने जाता येते, याचा दाखला आफ्रिकेतून मिळतो. मुंबईत जन्मलेले मानसोपचारतज्ज्ञ विक्रम पटेल यांनी १९९० च्या दशकात, तरुण संशोधक असताना, झिंबाब्वेची राजधानी हरारे येथे काम केले. तिथल्या शोना भाषेत 'कुफुंगिसिसा' असा शब्द आहे. अर्थ साधारणपणे 'फार विचार करणे'. मराठीत आपण 'विचार लागला आहे' म्हणतो, त्याच्या जवळचा. नैराश्याची परदेशी प्रश्नावली भाषांतरित करण्याऐवजी, लोक आपले दुःख ज्या शब्दांत सांगतात ते शब्द गोळा करून त्यांतून चौदा प्रश्नांची प्रश्नावली बांधली गेली. ती १९९७ साली प्रसिद्ध झाली. पुढे त्याच शहरात डिक्सन चिबांडा यांनी 'फ्रेंडशिप बेंच' हा उपक्रम उभारला: दवाखान्याच्या आवारातले लाकडी बाक आणि त्यावर बसून समुपदेशन करणाऱ्या प्रशिक्षित, वयस्क आरोग्यसेविका, ज्यांना लोक आजीच म्हणतात. २०१६ साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत तो परिणामकारक ठरला, आणि त्या चाचणीतले मोजमाप शोना प्रश्नावलीनेच झाले होते. शब्द आधी आले, उपचार त्यांच्यामागून आले.

हेच सूत्र आपल्या शेजारी गोव्यातही दिसते. १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगथ' संस्थेच्या पुढाकाराने तिथल्या प्राथमिक दवाखान्यांत, मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित स्थानिक समुपदेशकांकडून नैराश्य आणि चिंतेवर उपचार करण्याचा प्रयोग झाला. २४ दवाखान्यांतल्या या प्रयोगाचे निष्कर्ष २०१० साली 'लॅन्सेट'मध्ये प्रसिद्ध झाले. सरकारी दवाखान्यांत त्याचा लाभ स्पष्ट दिसला. आहारविकार हा नैराश्याहून अवघड आजार आहे, त्यात शरीराला थेट धोका असतो, म्हणून हे प्रारूप जसेच्या तसे उचलता येणार नाही. पण ओळखणे, विश्वास मिळवणे, योग्य ठिकाणी पाठवणे आणि नंतर घरी पाठपुरावा करणे, ही चार कामे आशा सेविका का करू शकणार नाही? ती त्याच बोलीत बोलते.

उपचारांच्या उपलब्धतेविषयी कायदा आपल्या बाजूने आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा २०१७ चा. तो २९ मे २०१८ पासून लागू झाला. शासनाच्या किंवा शासकीय अनुदानावरच्या सेवांतून मानसिक उपचार मिळण्याचा हक्क त्याने प्रत्येकाला दिला. २०२२ च्या १० ऑक्टोबरपासून १४४१६ या क्रमांकावर 'टेलि-मानस' ही दूरध्वनी सेवा सुरू आहे. पण महाराष्ट्रातली जुनी चार प्रादेशिक मनोरुग्णालये ठाणे, पुणे, नागपूर आणि रत्नागिरी येथे आहेत. आणि ज्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने निरनिराळ्या मनोविकारांत ७० ते ९२ टक्के रुग्ण उपचारांविना राहतात असे दाखवले, त्याच्या बारा राज्यांत महाराष्ट्र नव्हता. पारनेरमधल्या कुटुंबासाठी उपचार म्हणजे आधी ग्रामीण रुग्णालय, मग नगर, मग पुणे. प्रत्येक टप्प्यावर मजुरीचा एक दिवस आणि 'काय झालंय हिला?' हा प्रश्न. त्या प्रश्नाला सांगण्याजोगे उत्तर कुटुंबाकडे असले, तर पुढचा टप्पा गाठला जातो. नसले, तर गाडी परत गावाकडे वळते. वेळ इथे फार महाग आहे. २०११ साली प्रसिद्ध झालेल्या एका व्यापक आढाव्यात ॲनोरेक्सियाच्या रुग्णांचा मृत्युदर त्याच वयाच्या इतरांच्या तुलनेत पाचपटींहून अधिक आढळला होता, आणि त्यांतला सुमारे प्रत्येक पाचवा मृत्यू आत्महत्येचा होता.

उपचारांतही आपल्या घरांचे वाचन करावे लागेल. किशोरवयीन रुग्णांसाठी सर्वाधिक पुरावा असलेली पद्धत लंडनच्या मॉड्स्ली रुग्णालयातून आली. रसेल, आयस्लर आदींनी १९८७ साली दाखवून दिले की आजार लहान वयातला आणि अल्पकाळाचा असेल, तर कुटुंबाला सोबत घेऊन केलेले उपचार अधिक लाभतात. पुढे विकसित झालेल्या रूपात आईवडील मुलीच्या जेवणाची जबाबदारी काही काळ स्वतःकडे घेतात; सगळे एकत्र बसून जेवतात. आपल्याकडे इथेच गाठ पडते. ज्या घरात आधी पुरुष, मग मुले, शेवटी उरलेल्यात बायका असा क्रम आहे, तिथे 'सगळे एकत्र' म्हणजे कोण? जी आई स्वतः शेवटी आणि शिळे खाते, ती मुलीला 'पोटभर जेव' असे कोणत्या तोंडाने सांगेल? अशा घरात मुलीचे बरे होणे हे आईच्या ताटापासून सुरू होते. दुसरा धोका प्रेमाचाच आहे. दीर्घ उपासमारीनंतर एकदम भरपूर खाऊ घातले तर रक्तातील क्षारांचा समतोल ढासळून जीव जाऊ शकतो. म्हणून सुरुवातीची वाढ डॉक्टरांच्या नजरेखाली, नाडी, रक्तदाब आणि रक्ततपासणी पाहत व्हावी लागते. 'लंघनं परमौषधम्' हे ज्या समाजाला पाठ आहे, त्याला लंघन सोडण्याचेही शास्त्र आहे हे नव्याने सांगावे लागेल.

साहित्याने या बाबतीत काय केले, हेही पाहू. भुकेचे साहित्य मराठीत थोर आहे. याच जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या दया पवारांचे 'बलुतं' १९७८ चे. बेबी कांबळे यांचे 'जिणं आमुचं' त्यानंतरचे. लादलेल्या भुकेची साक्ष त्यांनी दिली, आणि बेबीताईंनी तर बाळंतिणीच्या भुकेचीही. पण अन्न समोर असताना न खाणाऱ्याची गोष्ट आपल्याकडे विरळाच. काफ्काने १९२२ साली उपाशी राहण्याची कला करणारा माणूस रंगवला. हान कांग यांच्या २००७ च्या 'द व्हेजिटेरियन' या कादंबरीतली स्त्री खाणे नाकारत जाते आणि तिच्या घरच्यांना तो नकार वाचताच येत नाही. आपल्याकडे धागे आहेत, पण ते दुसऱ्या नावाने वाचले जातात. लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'च्या आरंभी त्यांच्या वडिलांचे सोवळ्याचे वेड येते. बाजारातून आलेल्या जिनसा धुऊन घेण्यापर्यंत गेलेले, आणि १८५७ च्या धामधुमीतल्या कौटुंबिक आघाताशी लेखिकेने जोडलेले. आपण ते विनोद म्हणून वाचतो, कारण लक्ष्मीबाई हसत सांगतात. पण अन्नाविषयीच्या भयाने सारे घर कसे वेठीला धरले जाते, याचे ते मराठीतले एक अचूक चित्र आहे.

अशा वाचनात एक पथ्य मात्र पाळले पाहिजे. १९८५ साली रुडॉल्फ बेल यांनी मध्ययुगीन इटलीतल्या उपास करणाऱ्या संत स्त्रियांना ॲनोरेक्सियाच्या चौकटीत बसवले. दोन वर्षांनी कॅरोलिन वॉकर बायनम यांनी दाखवले की अन्न हेच त्या स्त्रियांच्या ताब्यातले एकमेव क्षेत्र होते आणि त्यांच्या उपासाला स्वतःचा धार्मिक अर्थ होता. त्याला रोग म्हणून उरकणे हा त्यांच्या भाषेवरचा अन्याय आहे. आम्हाला बायनम अधिक पटतात. आपल्या संतांना, व्रत करणाऱ्या आज्यांना किंवा राळेगणच्या उपोषणकर्त्याला रुग्ण ठरवणे हा वाचनाचा उद्धटपणा होईल. पण त्याचबरोबर आजच्या रुग्ण मुलीला साध्वी किंवा बंडखोर नायिका ठरवणे हाही तितकाच उद्धटपणा आहे. सुसान साँटॅग यांनी १९७८ साली आजाराला रूपक करण्याविरुद्ध जो इशारा दिला, तो इथे तंतोतंत लागू आहे. उपोषण करणाऱ्याची मागणी असते आणि ती मान्य झाली की तो नारळपाणी घेतो. या मुलीला मागणी सांगता येत नाही. तिचे न जेवणे कोणत्या अटीवर सुटेल, हे तिलाही ठाऊक नसते. हा भेद ओळखणे हेच निदान आहे, आणि भेद ओळखणे हाच तर आपल्या विषयाचा धंदा.

म्हणून आमची सूचना साधी आहे. अशा संशोधनाला मानसशास्त्राच्या मार्गदर्शकासोबत मराठी विभागाचा सहमार्गदर्शक असावा. तालुक्याच्या महाविद्यालयांत, पारनेरच्या महाविद्यालयातही, मराठीच्या पदव्युत्तर विद्यार्थ्यांना प्रकल्प म्हणून हे काम द्यावे: आपल्या गावात न जेवणाऱ्या, लपून खाणाऱ्या, खाऊन ओकणाऱ्या, माती खाणाऱ्या माणसांविषयी आया, आज्या, आशा सेविका, शिक्षिका, न्हावी आणि शिंपी कोणते शब्द वापरतात, ते गोळा करावे, कोणाचेही नाव न नोंदवता, केवळ शब्द आणि ते कधी वापरतात एवढेच. त्या शब्दांतून प्रश्न बांधावेत, ते ग्रामीण रुग्णालयातल्या डॉक्टरांसोबत तपासून पाहावेत, आणि मगच त्यांची तुलना परदेशी प्रश्नावलीशी करावी. बोलींचे शब्दसंग्रह आपल्या विभागांत दरवर्षी होतातच. शेतीची अवजारे, दागिने, सणवार यांची शब्दावली कपाटांत पडून आहे. हा एक संग्रह कपाटाबाहेर जाईल आणि दवाखान्यातल्या टेबलावर उपयोगाला येईल.

एवढे झाल्याने मानसोपचारतज्ज्ञांची संख्या वाढणार नाही, नगरचे अंतरही कमी होणार नाही. त्यासाठी शासनाकडे वेगळा आग्रह धरावाच लागेल. पण जेव्हा आई ग्रामीण रुग्णालयाच्या खिडकीशी उभी राहून म्हणेल, 'हिचे अन्नावरून मन उडाले आहे', तेव्हा समोरच्या माणसाने लोहाच्या गोळ्यांच्या पाकिटाकडे हात नेण्यापूर्वी आणखी चार प्रश्न विचारावेत, आणि ते तिला कळतील अशा मराठीत विचारावेत, एवढी सोय भाषेचे अभ्यासक करू शकतात.